प्रेप चालू असताना टर्म प्लॅन काढला, त्याची गोष्ट

मी पुण्यात राहतो, गे आहे आणि रोज प्रेपची एक गोळी घेतो. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅम. एचआयव्ही होऊ नये म्हणून. ती चालू ठेवायची तर दर तीन महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, त्यामुळे मी निगेटिव्ह आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो.

गृहकर्ज डोक्यावर आलं तसा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा आयुर्विमा, काढायचं ठरवलं. फॉर्ममध्ये दोन प्रश्न होते: ‘सध्या कोणतं औषध नियमित चालू आहे का?’ आणि ‘एचआयव्हीसाठी कधी तपासणी किंवा उपचार झाले आहेत का?’ दोन्हींपुढे हो किंवा नाही. प्रतिबंधक औषधासाठी रकानाच नाही.

आमच्या घरचे विम्याचे काका बाबांचे जुने मित्र. त्यांना ‘रोजची एक गोळी आहे’ एवढंच सांगितलं. ते म्हणाले, “अरे, मग मल्टिव्हिटॅमिन लिहू. कशाला उगाच फाटे फोडतोस?” त्यांना खरं सांगणं म्हणजे संध्याकाळपर्यंत बाबांना सांगणं. मी थेट कंपनीकडे गेलो.

काही मित्रांचाही सल्ला तोच होता, लिहूच नकोस. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर कुठल्याही कारणाने बोट ठेवता येत नाही, हे खरं. पण त्याआधी ठेवता येतं. आणि तीन वर्षं नक्की जगणार याची खात्री असती तर विमा काढलाच कशाला असता? क्लेमचे कागद घेऊन खेटे घालणार माझी ताई. मी सगळं लिहिलं.

मग कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन उचलला.

“टेनोफोविर घेता? कधीपासून पॉझिटिव्ह आहात?”

“डॉक्टर, मी निगेटिव्ह आहे.”

“मग हे औषध कशाला?”

समजावून सांगितलं. त्यांच्याच लॅबने घेतलेलं रक्तही निगेटिव्ह आलं. तरी पत्र आलं: प्रस्ताव पुढे ढकलला आहे, कारण चालू औषधोपचार. टेनोफोविर एचआयव्हीच्या उपचारात असतं, हिपॅटायटिस बीसाठीही देतात. नाव दिसलं की रोग गृहीत. न्यूयॉर्कच्या विमा नियामकाने जून २०१८ मध्येच कंपन्यांना बजावलं होतं की केवळ प्रेपवरून कुणाला विमा नाकारायचा नाही. आपल्याकडचा २०१७ चा एचआयव्ही कायदा विम्यातल्या भेदभावाबद्दल बोलतो, पण त्याचं संरक्षण एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्यांना किंवा राहिलेल्यांना. मी एकटा राहतो. म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून काळजी घेणारा माणूस नेमका कायद्याच्या बाहेर!

दुसऱ्या कंपनीकडे जाताना कागद आधीच जमवले. माझ्या डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलं: औषध प्रतिबंधासाठी, कधीपासून चालू, रुग्ण आजवर एकदाही पॉझिटिव्ह नाही, हिपॅटायटिस बी नाही, क्रिएटिनिन नॉर्मल. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) २०२२ च्या प्रेप मार्गदर्शक सूचनांचा उल्लेखही त्यांनी आपणहून केला, आणि ‘प्रतिबंधासाठी’ या शब्दाखाली पेनाने रेघ मारली. क्रिएटिनिनचा प्रश्न रास्तच आहे. हे औषध किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून तीही तपासणी होत असते. जुने रिपोर्ट तारखेवार लावले. ‘पूर्वी कुठला प्रस्ताव नाकारला किंवा पुढे ढकलला गेला आहे का?’ या प्रश्नाला हो लिहून पहिल्या कंपनीचं पत्र जोडलं. काउंटरवरच्या मॅडम गठ्ठा बघून म्हणाल्या, “सर, एवढं कुणी जोडत नाही हो.”

पॉलिसी मंजूर झाली, पण हप्ता वाढवून. माझं डोकंच फिरलं. कारण लेखी मागितलं. उत्तर आलं: वजन. उंचीच्या मानाने माझं वजन जास्त आहे, हे काही मला कोर्टात नाकारता येणार नाही. निमूटपणे पैसे भरले.

पॉलिसीसोबत फॉर्मची प्रत येते, ती ओळ न् ओळ वाचा. माझ्या प्रतीत टाइप करणाऱ्याने औषधांपुढे ‘नाही’ घातलं होतं. पॉलिसी परत करायला तीस दिवसांची मुदत असते. त्या मुदतीतच ईमेल करून दुरुस्ती मागितली आणि दुरुस्तीचं पत्र हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. ते पत्र, डॉक्टरांचं पत्र आणि पॉलिसी अशी एक फाइल ताईकडे दिली आहे. नॉमिनी तीच आहे, आणि गोळी कशाची ते तिला आधीपासून ठाऊक आहे.