कोजीची नोंद, तिसरा प्रयोग: ग्लुकोज असताना अमायलेज का गप्प बसते

जानेवारीत नाशिकची रात्र कधीकधी 10 अंशांच्याही खाली उतरते आणि कोजीच्या, म्हणजे जपानी पद्धतीने तांदूळ वगैरे आंबवण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या अ‍ॅस्परजिलस ओरायझी या बुरशीला, 30 अंशांच्या आसपासची ऊब लागते. म्हणून थर्माकोलच्या खोक्यात 40 वॉटचा दिवा लावून पेट्री डिश त्यात ठेवल्या. इगतपुरीकडच्या इंद्रायणी तांदळाच्या पिठाची पातळ पेज अगर-अगर घालून कुकरमध्ये शिजवली आणि निम्म्या पेजेत दर 100 मिलीलिटरला 2 ग्रॅम ग्लुकोज मिसळले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही प्रकारांतील एकेका डिशवर पातळ केलेले टिंक्चर आयोडीन ओतले; त्याने स्टार्च निळाकाळा होतो. नुसत्या तांदळाच्या डिशमध्ये निळ्याकाळ्या थरात बुरशीभोवती सुमारे 6 मिलिमीटर रुंदीचे स्वच्छ कडे उमटले, कारण तेवढ्या पट्ट्यातला स्टार्च बुरशीच्या अमायलेज या विकराने (एन्झाइमने) तोडला होता. ग्लुकोजच्या डिशमध्ये बुरशी अधिक दाट वाढली होती, तरी निळा रंग थेट तिच्या कडेला भिडलेला होता. ती अशक्त असती तर विकर कमी पडले असे म्हणता आले असते; पण येथे पोट भरलेले होते आणि म्हणूनच हात हलत नव्हता.

यामागची यंत्रणा ठाऊक आहे. स्टार्च तुटून निघालेल्या माल्टोजपासून बुरशी आयसोमाल्टोज बनवते, त्याच्या संकेताने अमाय-आर हे प्रथिन केंद्रकात शिरून अमायलेजची जनुके चालू करते. ग्लुकोज भरपूर असले की क्री-ए हे दुसरे प्रथिन त्याच जनुकांना आवर घालते. 2005 मध्ये जनुकसंच प्रसिद्ध झालेल्या आरआयबी 40 या वाणात अमायलेजच्या जनुकाच्या तीन प्रती आहेत, हे मला फार बोलके वाटते: माणसाने शतकानुशतके भातावर पोसलेल्या बुरशीला असेच भांडवल लागणार.

चौथ्या दिवशी ग्लुकोजच्या उरलेल्या डिशमध्ये मात्र 2 मिलिमीटरचे बारीक कडे दिसले. आयोडीन ओतण्यापूर्वी मधुमेहींच्या लघवीतली साखर तपासण्याची पट्टी बुरशीच्या कडेच्या अगरवर दाबून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी अशीच पट्टी गडद झाली होती; या वेळची जवळजवळ कोरीच राहिली. म्हणजे साखर संपली आणि आवर सुटला.

बीजाणू मात्र खात्रीच्या कोजीचेच घ्यावेत, कारण भिंतीवरची दिसायला तशीच हिरवट बुरशी अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस निघाली तर ती अफ्लाटॉक्सिन बनवू शकते. पुढच्या वेळी ग्लुकोजऐवजी माल्टोज घालणार आहे. कडे 6 मिलिमीटरच्या पुढे जाते का, ते पाहायचे आहे.