पावणेचार हात पाणी

वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालानंतर पुस्तक देणारी माणसे आमच्या जळगावाकडे अजून आहेत. मात्र ते पुस्तक गणिताचे निघाले, की घेणाऱ्याचा चेहरा किंचित उतरतो. मला ही खोड बरीच वर्षे आहे आणि तिच्यापायी मी अनेकांना अवघडवले आहे.

एकदा तर एका शिक्षकमित्राच्या सेवापूर्तीला द्यायचे म्हणून इंग्रज गणितज्ञ हार्डी यांचे 1940 सालचे ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ मी कागदात बांधूनही ठेवले होते. आदल्या रात्री मनात शंका आली आणि आठवले, की गणित हा तरुणांचा खेळ असल्याचे हार्डींनी त्यात काहीही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. अठ्ठावन्न वर्षे पूर्ण केलेल्या माणसाच्या हाती शाल-श्रीफळाबरोबर ते ठेवणे मला धजवले नाही.

भुसावळच्या भाच्याला रामानुजन यांचे जाडजूड चरित्र दिले, तेव्हा मात्र निवड साधली असे वाटले, कारण त्याने ते चार दिवसांत संपवले. कुंभकोणमची गरिबी, 1913 साली हार्डींना धाडलेले पत्र, केंब्रिजमधले आजारपण, सारे त्याला तोंडपाठ झाले. शेवटी तो म्हणाला, “पण मामा, रामानुजनांसारखी आपल्या स्वप्नात कुठे नामगिरी देवी येते?” पुस्तकाने त्याला गणितज्ञासमोर हात जोडायला लावले होते, गणिताला हात लावायला नव्हे.

तेव्हापासून मी दुकानात पुस्तक मधूनच उघडतो आणि ते पान वाचताना माझा हात खिशातल्या पेनाकडे जातो का, एवढेच पाहतो. देवळालीला शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांच्या 6174 या संख्येची हकिकत ज्या पुस्तकात असते, ते या परीक्षेत सहसा उतरते. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांपासून होणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येतून सर्वांत लहान संख्या वजा करावी आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. 3524 घेतली तर आधी 3087, मग 8352 आणि मग 6174 येते. तेथून पुढे कितीही वजाबाक्या केल्या, तरी 6174 च. एका दुकानात बिलाच्या पाठीवर मी हे करत असताना दुकानदारानेही आपल्या गाडीचा नंबर घालून पाहिला. स्पर्धा परीक्षांसाठीची जलद गणिताची पुस्तके मात्र मी भेट देत नाही. तो रंगीत कागदात गुंडाळलेला गृहपाठ असतो.

माझी सर्वांत चांगली भेट मुळात लहान मुलासाठी नव्हतीच. चाळीसगावचे आबा चाळीस वर्षे जिनिंगमध्ये दिवाणजी होते आणि त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे अजून मुखोद्गत आहेत. त्यांना मी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद दिला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, तो आबांच्याच तालुक्यातल्या पाटण्याला. तेथील शके 1128 च्या शिलालेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारातल्या मालावरील उत्पन्नाचा वाटा मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. हे सांगताच आबांचा चेहरा खुलला. गणिताच्या शिक्षणाचा खर्च बाजारावर टाकावा, ही व्यवस्था त्यांच्यातल्या दिवाणजीला पूर्ण पटली.

आठवड्याने गेलो, तेव्हा ते कमळाच्या उदाहरणावर अडले होते. पाण्यावर अर्धा हात दिसणारे कमळ वाऱ्याने झुकत जाऊन मूळ जागेपासून दोन हातांवर बुडते, तर पाणी किती खोल? वर्ग आणि वजाबाकी करून त्यांनी उत्तर बरोबर काढले होते, पावणेचार हात. तक्रार निराळीच होती. “गणित ठीक आहे,” ते म्हणाले, “पण वाऱ्याने ओढल्यावर देठ थोडासा तरी ताणणारच की. तो ताण यांनी कुठे धरला आहे?”

समासात त्यांनी पेन्सिलीने आणखी एक आकडेमोड मांडून ठेवली होती, देठ बोटभर ताणला असे धरून.