लोअर परळला आधी काय होतं?

इकडं कोरेगावात, साताऱ्यात कुणाच्या पोराला लोअर परळच्या ऑफिसात जॉब लागला की मला गाठून विचारतातच, काका तुम्ही तिकडंच वाढलात ना, तिथं आधी काय होतं? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न, आता एवढं भारी झालंय तर जुनी माणसं अजून हळहळतात कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी तर पाणीच होतं. मुंबई मूळची सात बेटांची, परळ एका बेटावर, वरळी दुसऱ्या, आणि मधल्या खोलगट भागात भरतीचं पाणी शिरायचं. १७८४ च्या सुमारास महालक्ष्मीजवळ समुद्राला बांध घातला, त्याला हॉर्नबी वेलार्ड म्हणायचे, आणि मग हळूहळू ही जमीन वापरात आली. पण सखल ती सखलच, अजूनही जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की परळजवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरतं.

मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली कावसजी दावरांनी, १८५४ ला कंपनी उभी केली आणि दोन वर्षांनी ताडदेवला गिरणी चालू झाली. मग पुढच्या काळात भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरला, कारण तिथं मोकळी जागा होती आणि रेल्वे जवळ. तेच गिरणगाव.

आता यात आपला संबंध काय, तर गिरण्यांत राबणारी माणसं मुख्यतः कोकणातली आणि आपली घाटावरची. रत्नागिरीच्या बरोबरीनं सातारा जिल्ह्याचं नाव घेतलं जायचं, आणि तेव्हाचा सातारा म्हणजे आजची सांगलीसुद्धा, कारण दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० ला. माण-खटावला पाऊस नाही, जावळी-पाटणला डोंगर, वाटणीला आलेलं रान एवढंसं, मग थोरल्या भावानं नाहीतर मामानं जॉबरला, म्हणजे गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाला सांगून पोराला बदली कामगार म्हणून चिकटवायचं, म्हणजे कुणी गैरहजर असला की त्याच्या जागी काम. माझे वडील असेच गेले, साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर लागले. सुरुवातीला गावच्याच गाळ्यात राहायचे, म्हणजे एकच खोली, पण तिन्ही पाळ्यांची माणसं आलटून-पालटून तिथंच झोपायची, वळकट्या आणि ट्रंका भिंतीला लावलेल्या, जेवण खानावळीत, आणि खानावळी चालवायच्या बाया, गिरणीवाल्यांच्याच बायका नाहीतर विधवा बहिणी. १९७५ ला प्रेमाताई पुरवांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खानावळवाल्या बायांसाठीच, सावकाराच्या हातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. गावच्या मंडळात महिन्याला वर्गणी जमायची, त्या वर्गणीतनं इकडच्या किती देवळांवर स्लॅब पडला, किती शाळांना खोल्या झाल्या, आपल्याच गावातले पाट्यांवरचे देणगीदार वाचा, 'मुंबईकर मंडळ' दिसेलच.

आणि माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे हा भाग पायी चालणाऱ्यांचा होता. भोंगा झाला की हजारो माणसं गेटातून बाहेर पडायची, पण लोकलला झुंबड नाही उडायची, कारण घर चाळीत आणि चाळ गिरणीच्या मागंच. रस्ते, पूल, स्टेशनं सगळं त्याच मापाचं. एक पश्चिम रेल्वे, एक मध्य रेल्वे, दोन्ही रूळ जवळजवळ समांतर, आणि ते ओलांडायला मोजकेच पूल.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखाच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला, तो मागे घेतला असं कधी जाहीरच झालं नाही. कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झालं, आमच्यासारखी बरीच घरं गावी परतली. त्या वर्षांवर मला जास्त लिहवत नाही.

पुढं गिरण्या बंद पडत गेल्या, मग त्यांच्या जमिनीचं काय. १९९१ च्या नियमात चांगली वाटणी होती, गिरणीची जागा विकसित करायची तर तिचा एक भाग महापालिकेला मैदान-बागांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे सरकारच्या घरबांधणी मंडळाला, घरांसाठी आणि एक मालकाला, ढोबळमानानं तिसरा-तिसरा हिस्सा. २००१ ला नियम बदलला, वाटणी फक्त त्या जागेची जिथं बांधकाम नाही. आता गिरणीत शेड असणारच ना, मोकळी जागा उरते किती? हायकोर्टानं २००५ ला लोकांच्या बाजूनं निकाल दिला पण २००६ ला सुप्रीम कोर्टात बदललेला नियमच कायम झाला. मी टॉवरच्या विरोधात नाही, आपल्याच पोरांना तिथं पगार मिळतोय, फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं झाली, होऊ देत. पण ऑफिसं आली आणि घरं आली नाहीत, म्हणजे परवडणारी घरं, त्यामुळं काम करणारा माणूस विरार-कल्याणहून येतो आणि त्याच जुन्या अरुंद पुलांवर उतरतो. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. ते स्टेशन आता प्रभादेवी झालंय. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ ला बंद झाला तो पूर्ण सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. हळहळ आहे ती याची. तो तिसरा हिस्सा खरोखर मिळाला असता तर आज तुमचा पोरगा ऑफिसला चालत गेला असता आणि पोरांना खेळायला ग्राउंडही असतं.

चांगलंही घडतंय, ते सांगायला पाहिजे. बीडीडी चाळी म्हणजे इंग्रज सरकारनं बांधलेल्या, १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांची खोली आणि संडास मजल्यावर कॉमन, त्यांच्या जागी आता तिथंच ५०० चौरस फुटांचे फ्लॅट मिळतायत, वरळीच्या पहिल्या घरांच्या चाव्या २०२५ ला दिल्या. माणूस आहे तिथंच राहिला आणि घर मोठं झालं, सुधारणा म्हणतात ती ही. गिरणी कामगारांची घरं मात्र पनवेलकडं कोन, मग शेलू, वांगणी अशी लांब लांब दाखवली जातात, आणि ज्यांनी ही मुंबई उभी केली त्यांना मुंबईतच घर द्या ही मागणी मला शंभर टक्के पटते.

आणि आपल्या भागातल्या वाचणाऱ्यांना एक विनंती. १ जानेवारी १९८२ ला ज्यांचं नाव गिरणीच्या पटावर होतं ते कामगार किंवा त्यांचे वारस म्हाडाच्या घरासाठी पात्र धरले जातात. ज्यांनी फॉर्म भरलाय त्यांनी पात्रतेची कागदपत्रं दिलीत का ते बघा, तिकीट नंबर (गिरणीतला कामगाराचा नंबर), गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, यातलं काय घरात असेल ते शोधा. आजोबांची ट्रंक भंगारात घालायच्या आधी एकदा उघडून बघा. कागद फाटका असला तरी ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसाला खातं कुठलं, गिरणी कुठली, कोणत्या साली लागला ते विचारून आजच लिहून घ्या.