जून-जुलैतला घाना: पावसात कुठे जावं, काय टाळावं

घानाला पावसाळ्यात कशाला जाता, असं जवळजवळ सगळ्यांनी विचारलं. जाऊन आल्यावर माझं मत पक्कं झालंय: जरूर जा, फक्त कोकणातल्या पावसाचं गणित तिथे लावू नका. तिथे झड लागत नाही. आभाळ काळवंडतं, सोसाट्याचा वारा सुटतो, तास-दीड तास मुसळधार कोसळतो आणि मग लख्ख ऊन. दक्षिणेत पावसाळे दोन असतात. एप्रिल ते जुलै मोठा, त्यातही जूनमध्ये सर्वांत जोर, ऑगस्टमध्ये उघडीप, सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा धाकटा. ऑगस्टच्या उघडिपीचं एक कारण समुद्रात आहे. त्या दिवसांत खोलातलं थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं आणि पावसाचे ढग तयार व्हायला लागणारी ऊब मिळत नाही. उत्तरेत मात्र एकच पावसाळा, साधारण मे ते ऑक्टोबर, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे तिथले ऐन भराचे महिने. सुट्टी ऑगस्टातच मिळणार असेल तर दक्षिणेतच राहा.

राजधानी आक्रात वर्षाला जेमतेम 800 मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईच्या साधारण तिसरा हिस्सा. तरी शहर तुंबतं, कारण ओडॉ नदी आणि कोर्ले लगून, म्हणजे समुद्राकाठचं उथळ तळं, कचऱ्या-गाळाने भरलेली आहेत. 3 जून 2015 च्या रात्री पुराच्या पाण्यात क्वामे एन्क्रुमा सर्कलजवळच्या पेट्रोल पंपावर स्फोट झाला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यातले कितीतरी जण पावसापासून आडोसा म्हणून तिथे थांबले होते. रस्त्याकडेची गटारं खोल आणि उघडी असतात, पाणी चढलं की कडा दिसत नाही. म्हणून साचलेल्या पाण्यातून चालू नका, गाठीशी दोन तास जास्तीचे ठेवा. किनाऱ्यावरच्या केप कोस्ट शहराच्या गाड्या आक्रातल्या कानेशीहून सुटतात आणि नेमका तोच भाग पाण्याखाली जातो. ट्रोट्रो, म्हणजे तिथली वडाप मिनीबस, भरल्याशिवाय हलत नाही, हेही धरून चाला.

या मोसमाचं खरं देणं म्हणजे धबधबे. कोफोरिडुआजवळचा बोटी कोरड्या दिवसांत बारीक होतो. पावसात त्याच्या दोन धारा फुगून एकमेकींत मिसळतात. टोगोच्या सीमेला लागून असलेला व्ली तर पाहतच राहावा. गावातून वाटाड्या घ्यायचा, जंगलातून ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत जायचं आणि समोर कड्यावरून कोसळणारं पाणी. तुषार इतके की कुंडापासून बऱ्याच अंतरावरच आम्ही चिंब झालो. कड्याला हजारो फळवटवाघळं लटकलेली असतात, मान वर करून शांतपणे बघा. वरच्या टप्प्याची वाट पावसात फार निसरडी होते. गुडघे कुरकुरत असतील तर खालचाच पुरे. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, पातळ रेनकोट आणि पकड असलेले फ्लोटर घ्या. तांबडी माती कपड्यांवरून जात नाही, तेव्हा पांढरं काही नेऊ नका.

केप कोस्टजवळच्या काकुम राष्ट्रीय उद्यानातले झाडांच्या शेंड्यांमधून जाणारे झुलते पूल जमिनीपासून सुमारे 40 मीटर उंच आहेत. सकाळी उघडताच जा. विजा कडाडत असतील तर थांबावंच लागतं, आणि थांबावं. तिथून केप कोस्टचा किल्ला तासाभरावर. गुलाम म्हणून विकायच्या माणसांना कोंडलेली तळघरं दमट आणि अंधारी. पुरुषांच्या कोठडीच्या बरोबर वर प्रार्थनाघर होतं. तिथून बाहेर पडल्यावर आमच्यात कोणी बराच वेळ बोललं नाही. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. एल्मिनाचा 1482 सालचा पोर्तुगीज किल्ला दुसऱ्या दिवशी बघा.

शाकाहारी मंडळींनी चवळी आणि तळलेली केळी, म्हणजे ‘रेड-रेड’, मागवावं, पण मासळीची पूड घातलीय का हे आधी विचारावं. याच दिवसांत रस्तोरस्ती भाजलेली कणसं मिळतात, सोबत लिंबू-तिखटाऐवजी ओल्या खोबऱ्याचा तुकडा. आम्ही रोज खाल्ली. पैसे देता-घेताना उजवाच हात वापरा.

पीतज्वराची लस प्रवेशासाठी सक्तीची आहे आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य होतं. ते परतीतही जपा. नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा, पावसात डास फार. समुद्रात पोहू नका, ओढ जबरदस्त आहे.

उत्तरेतल्या मोले राष्ट्रीय उद्यानाचे हत्ती आम्ही यादीतून काढले. पावसात सगळीकडे पाणी असल्यामुळे जनावरं पाणवठ्यावर येत नाहीत आणि गवत उंच वाढलेलं असतं. हत्तींसाठीच जायचं असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये वेगळा बेत आखा.