रंग उशिरा येतोय

फेब्रुवारी २०२१. सकाळी साडेसहाला खालच्या नगरपंचायतीच्या फिल्टर प्लांटवरच्या काकांचा फोन आला. आमचं शहर नदीच्या वरच्या अंगाला, त्यांचं गाव साडेचार किलोमीटर खाली. मधे बंधारा नाही, ओढा नाही. आम्ही प्रक्रिया करून सोडलेलं सांडपाणी त्यांच्या जॅकवेलवरून (नदीतलं पाणी उचलायच्या विहिरीवरून) जातं हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक आहे, फक्त बैठकीत कुणी तो विषय काढत नाही.

"मॅडम, क्लोरीन टिकंना झालाय. दोनचा डोस होता, आठवड्यात पाचवर नेला. तरी टोकाच्या नळाला ओटी मारली की रंग उशिरा येतोय."

"उशिरा म्हणजे?"

"थेंब टाकला की पिवळं व्हायला पाहिजे का नको? होत नाही. नळी धरून उभं राहिलं की मिनिटाभरानं हळूहळू चढतंय."

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडीन. गावच्या जलसुरक्षकापासून आमच्यापर्यंत सगळे हेच थेंब नळाच्या पाण्यात टाकतात. पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही, एवढंच बहुतेकांना शिकवलेलं असतं. पण रंग किती वेळात येतो यालाही अर्थ आहे. क्लोरीन मोकळा असेल तर रंग काही सेकंदांत उमटतो. तो अमोनियाला चिकटून बसला असेल तर रंग रेंगाळत येतो, आणि असा बांधलेला क्लोरीन जंतू मारायला फार कमजोर. काकांनी अमोनियाचं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी नुसतं घड्याळ बघितलं होतं.

पाण्यात एक मिलिग्रॅम अमोनिया नायट्रोजन आला तर तो आठ-दहा मिलिग्रॅम क्लोरीन फस्त करतो. काकांचा प्लांट रोज ४० लाख लिटरचा. दोनच्या डोसला, म्हणजे लिटरला दोन मिलिग्रॅमला, दिवसाला आठ किलो क्लोरीन, म्हणजे १०० किलोचा सिलिंडर बारा दिवस पुरायचा. पाचच्या डोसला तोच पाच दिवसांत रिकामा. अमोनिया येतो मैलापाण्यातून, म्हणजे आमच्या चुकीचं बिल ते सिलिंडरमधून भरत होते.

"दिवसभर असंच असतं का?"

"नाही. पहाटे पाचपासनं सुरू होतंय, दुपारी येतंय ताळ्यावर. रात्रपाळीवाला आधी मलाच खोटं पाडत होता."

मागे एकदा आम्ही पुलावरून संत्री सोडून नदीचा वेग मोजला होता. संत्रं छान तरंगतं, लांबून दिसतं, आणि हरवलं तर कुणी खुलासा मागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला वेग आला होता तासाला पाऊण किलोमीटर. साडेचार किलोमीटरला सहा तास. पहाटे पाचला तिथं पोचणारं पाणी आमच्या आउटलेटमधून रात्री अकराला निघालेलं असणार.

आमचा मैलापाणी प्रकल्प एसबीआर पद्धतीचा. टाकीत मैलापाणी भरायचं, ब्लोअरने हवा द्यायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळलेलं पाणी सोडायचं. यात खरी किंमत हवेची. प्रकल्पाच्या विजेतला मोठा वाटा ब्लोअरच खातात. अमोनियाही हवेवर जगणाऱ्या जिवाणूंकडूनच जातो. हवा तोडली की आधी तेच काम थांबवतात.

चालवायचं कंत्राट २०१८ चं. त्याचा मसुदा आम्ही मोठ्या हौसेने केला होता, मीही त्यात होते. कागदावर तो 'कामगिरीवर आधारित' होता. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेतल्या चार गोष्टी तपासायच्या: पीएच, बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), तरंगते घन पदार्थ, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू. आमच्यासारख्या शहराला बीओडीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. महिन्याचे सगळे नमुने आत बसले तर पूर्ण बिल आणि वर दोन टक्के बक्षीस, बाहेर गेले तर कपात. वीजबिल कंत्राटदाराने भरायचं, म्हणजे तो वीज जपून वापरेल. अमोनिया त्या अधिसूचनेच्या २०१५ च्या मसुद्यात होता, अंतिम यादीत आला नाही, म्हणून आमच्याही करारात आला नाही. एवढा साधा हिशेब.

करार झाल्यापासून कंत्राटदाराचा एक रुपया कापला गेला नव्हता. मुख्याधिकारी साहेब खूश होते. २०१९ मध्ये हरित लवादाने सांडपाणी प्रकल्प वेळेत न उभारणाऱ्यांना प्रत्येक प्रकल्पामागे महिन्याला दहा लाख भरपाईची टांगती तलवार लावली, तेव्हा शेजारच्या शहरांची धावपळ आम्ही जरा ऐटीतच बघितली होती. दर महिन्याच्या अहवालावर सही माझीच असायची.

त्या रात्री अडीच वाजता ड्रायव्हरदादांना घेऊन प्लांटवर गेले. एरवी गेटवरच ब्लोअरचा आवाज अंगावर येतो, एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं. त्या रात्री मला रातकिडे ऐकू आले.

ऑपरेटर आयटीआय झालेला, पंचविशीतला मुलगा. खुर्चीत शाल घेऊन बसला होता. मला बघून उठला, आणि त्याने पहिलं काम केलं ते चहाचं विचारण्याचं. टेबलावर लॉगशीट होतं. दर तासाला ऑक्सिजनची नोंद: २.१, २.०, २.२. अडीच वाजले होते आणि नोंदी सकाळी सहापर्यंत भरलेल्या. सगळ्या एकाच पेनने, एकाच बैठकीत.

मी ऑक्सिजनचा मीटर टाकीत सोडला. ०.२. लिटरचं मेजपात्र भरून अर्धा तास ठेवलं, गाळ कसा बसतो ते बघायला. चांगला गाळ चॉकलेटी असतो आणि त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. हा काळपट होता, आणि झाकण काढल्याबरोबर सडक्या अंड्याचा भपकारा आला. ड्रायव्हरदादा नाकाला रुमाल लावून गाडीकडे गेले ते परत आलेच नाहीत.

"ब्लोअर कधी बंद केलास?"

"अकराला, मॅडम. रोजचंच आहे. पाचला चालू करतो."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? युनिट वाचले की महिन्याला हजार रुपये वर मिळतात. पगार बारा हजार आहे."

मी विचारलं, "मग मंगळवारचे रिपोर्ट कसे चांगले येतात?"

तो माझ्याकडे बघत राहिला. एवढं साधं हिला कळू नये याचं त्याला खरंच नवल वाटत असावं. "सोमवारी रात्री बंद करत नाही ना."

आमचा नमुना दर मंगळवारी सकाळी अकराला घ्यायचा असं करारात लिहिलं होतं. ती वेळ मी लिहिली होती. बाहेरच्या प्रयोगशाळेची गाडी बाराला निघायची. बीओडीचा नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर चाचणीला लावावा लागतो, आपल्याकडे तो २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. गाडीच्या सोयीने अकरा ठरले आणि अकराच्या भोवती कंत्राटदाराने आपला आठवडा बसवला.

लॉगशीटच्या जोरावर भांडता येणार नाही हे दिसत होतं. 'एका रात्री ट्रिप झालं असेल' म्हणून हात झटकायला कितीसा वेळ लागतो? म्हणून महावितरणकडून आमच्या विजेच्या मीटरचा एमआरआय, म्हणजे मीटरमधल्या नोंदींची प्रिंट, मागवली. दर अर्ध्या तासाचा लोड त्यात साठवलेला असतो. प्रिंट टेबलावर पसरली तर आलेख करवतीच्या दातांसारखा: अकराला खाली, पाचला वर, अकराला खाली, पाचला वर. आठवड्यातून एक दात गायब. बोट ठेवून तारखा मोजल्या, प्रत्येक गायब दात सोमवारच्या रात्रीचा.

बैठकीत कंत्राटदाराचा मॅनेजर अजिबात तापला नाही. आलेख बघितला, परत माझ्याकडे सरकवला. "मॅडम, यात आम्ही कुठलं कलम मोडलं तेवढं दाखवा."

तास गेला शोधण्यात. ब्लोअर सतत चालवायचे असं कलम नव्हतं. अमोनिया नव्हता. 'नमुना कोणत्याही वेळी घेण्याचा अधिकार' हे साधं वाक्यही नव्हतं. शेवटी खोट्या नोंदींचं एक कलम सापडलं, त्यावर नोटीस काढली, दोन महिन्यांचं बक्षीस थांबवलं. आमचे लेखापाल तेवढ्यावरही समाधानी होते. मला मात्र मॅनेजरचा राग नीट येईना, कारण आम्ही ज्याचे पैसे देत होतो तेच तो आम्हाला बिनचूक देत होता: मंगळवारी अकराचं स्वच्छ पाणी.

ऑपरेटरला त्याच आठवड्यात काढलं. 'परस्पर ब्लोअर बंद केले' असं पत्रात लिहिलं होतं. त्याने खरं सांगितलं नसतं तर मी मीटरच्या प्रिंटपर्यंत पोचलेच नसते. मी साहेबांशी बोलले, कंपनीशी बोलले. तो आमचा कर्मचारी नाही, असं उत्तर मिळालं. पुढे तो एका साखर कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पावर) लागला, एवढं कळलं.

मुदत संपून नवी निविदा निघाली तेव्हा मसुदा मी जवळजवळ एकटीने लिहिला. नमुना चोवीस तासांचा, थोडा थोडा आपोआप गोळा होणारा, फ्रिजसकट. अमोनिया यादीत. वीजबिल नगरपरिषदेचं, आणि दर दशलक्ष लिटरमागे युनिटची दोन्हीकडून हद्द: जास्त लागले तर खुलासा, फार कमी लागले तरी खुलासा. या दुसऱ्या अटीवर निविदापूर्व बैठकीत बोलीदारांनी बरीच कुरकुर केली. वीज वाचवल्याचाही दंड? मी म्हटलं, हो, इथे तेच.

आणखी एक अट मला घालायची होती. खालच्या प्लांटचं क्लोरीन डोसचं रजिस्टर आमच्या बिलाला जोडायचं, त्यांचा डोस वाढला तर इथला हप्ता कमी. लेखापालांनी चष्मा काढला. "ताई, दुसऱ्या नगरपंचायतीच्या रजिस्टरवर आपलं बिल? ऑडिटला काय सांगू, नदीनं सही केलीय?" ती अट गेली. त्यांचंही बरोबर होतं, आणि तरी मला ती अजून हवी आहे.

काकांना हे सगळं एकदा चहा पिताना सांगितलं. ते म्हणाले, बिलाला नको तर तुम्हाला तरी कळवतो. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाच्या सुमाराला त्यांचा मेसेज येतो. आधी डोस, मग रंग यायला लागलेला वेळ. आज सकाळचा: 'दोन. लगेच.'