फ्लिंटमधल्या आजी

आज डेट्रॉइटहून फ्लिंटला गेले होते, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं शहर. एका आजींनी पाणी विचारलं आणि नळ समोर असताना बाटली उघडली. पाइप बदललेत, पण विश्वास बसत नाही म्हणाल्या.

एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला इथे नदीचं पाणी सुरू केलं. पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं रसायन घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं विषारी शिसं पाण्यात उतरून थेट लेकरांच्या पोटात! बायका तांबूस पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेल्या, तरी उत्तर एकच, पाणी चांगलं आहे. २०१५ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशांनी मुलांच्या रक्तातलं शिसं दाखवलं, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीयांची. गोऱ्यांच्या उपनगरात दीड वर्ष हे चाललं असतं? मला नाही वाटत.

आजींचा नातू तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याचं दूध त्या याच नळाच्या पाण्यात कालवायच्या.