तुम्ही विचारलंत म्हणून: मिरजेत एवढं गाणं कुठून आलं?

औषधाच्या दुकानात माणसाला थांबावं लागतं. चिठ्ठीवरची चार औषधं हाताशी असतात, पाचवं माळ्यावरून काढावं लागतं, सहावं संध्याकाळपर्यंत मागवून द्यावं लागतं. तेवढ्या वेळात पेशंटचे नातेवाईक काउंटरला टेकून रस्ता बघत उभे राहतात. माझं दुकान दवाखान्यांच्या गर्दीत आहे. अथणी, रायबाग, जमखंडी, जत, सांगोला अशा चहूकडच्या गावांतून माणसं येतात. गोळी जेवणानंतर घ्यायची हे मी दिवसातून वीस वेळा ‘ऊटा आद मेले’ असं कानडीत सांगतो.

अशात समोरून एखादी मोटरसायकल जाते. मागे बसलेल्या पोराने खोळ घातलेला तंबोरा लहान मुलाला धरावं तसा दोन्ही हातांनी कवटाळलेला असतो. काउंटरवरचा माणूस मान वळवून बघत राहतो आणि मग विचारतो, “काका, तुमच्या मिरजेत एवढं गाणं कसं काय हो?” तीस-बत्तीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, आणि गोळ्या मोजता मोजता मी त्याचं अर्धवटच उत्तर देत आलोय. आज पुरतं देतो.

माझं म्हणणं असं, की गाणारी माणसं मिरजेला गाण्यासाठी आलीच नाहीत. ती बरी व्हायला आली.

विष्णु दिगंबर पलुसकर मूळचे कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, म्हणून घरच्यांनी त्यांना मिरजेला डॉ. भडभड्यांकडे आणलं. दृष्टी पुरती परत येईना. मग या मुलाला गाणं शिकवा, असं ठरलं. त्या वेळी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती या बुवांनी. त्यांच्याकडे विष्णु दिगंबर वर्षानुवर्षं शिकले. मिरजेतल्या एका समारंभाचं निमंत्रण त्यांना आलं आणि गुरूंना आलं नाही, ते त्यांच्या मनाला लागलं, अशी हकीकत सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज गावोगावच्या मुली पेटी घेऊन गाण्याच्या परीक्षांना बसतात, त्याची सुरुवात एका दुखऱ्या डोळ्यापासून आहे.

दुसरे बालगंधर्व. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना उपचारासाठी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात पाठवलं. किर्लोस्कर नाटक मंडळींशी त्यांचा संबंध जुळला तो याच सुमारास, आणि १९०५ मध्ये ते त्या कंपनीत शकुंतला म्हणून पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले तेही मिरजेत. आमच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे.

तिसरे अब्दुल करीम खाँसाहेब. गाव किराणा, उत्तरेत, यमुनेच्या बाजूला. मिरजेत ते आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, असं इथे पिढ्यान्पिढ्या सांगतात. पुढे ते मिरजेचेच झाले. त्यांच्या कन्या, गायिका हिराबाई बडोदेकर, यांचा जन्म १९०५ चा, मिरजेतला. २७ ऑक्टोबर १९३७ ला दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर खाँसाहेब गेले. तिथून त्यांना एवढ्या लांब मिरजेला आणलं आणि दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तेव्हापासून त्या आवारातल्या चिंचेखाली गाणं होतं. किराणा घराण्याचे मोठमोठे गवई इथे हजेरी लावून गेलेत. त्याला आम्ही कार्यक्रम म्हणत नाही, हजेरी म्हणतो.

डोळा, कान आणि जीव. दोघं दुखणं घेऊन आले, तिसऱ्याला दुखण्याने इथे गाठलं. मी औषधाच्या धंद्यातला माणूस, म्हणून मला हे दिसत असेल, पण दिसतं ते खोटं नाही.

मग दुखणं घेऊन मिरजेलाच का यायचं? एक कारण डॉ. वानलेस. कॅनडातून आलेले हे मिशनरी सर्जन. त्यांचं हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं राहिलं, पाठोपाठ वैद्यकीय शिक्षणही सुरू झालं. क्षयाच्या रुग्णांसाठी त्यांनी गावाबाहेर जागा केली, ती वस्ती आज वानलेसवाडी म्हणून ओळखली जाते. १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. त्यामागोमाग डॉक्टर, त्यांच्यामागे आम्ही औषधवाले, आमच्यामागे खाणावळी आणि लॉज.

दुसरं कारण रस्ते, आणि त्यातही लोखंडी रस्ते. वाटा इथे आधीपासूनच एकत्र येत होत्या. उगीच कुणी भुईकोटासाठी एवढं लढत नाही. अफजलखानानंतर १६६० च्या सुरुवातीला शिवाजी महाराज स्वतः मिरजेच्या किल्ल्याला वेढा घालून बसले होते. सिद्दी जौहरच्या फौजेची वर्दी आली, तेव्हा ते पन्हाळ्याकडे गेले. किल्ला स्वराज्यात आला तो १७३९ मध्ये, साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या मोहिमेत. पुढे पटवर्धन आले, संस्थान झालं. मग रेल्वे आली. एक काळ असा होता, की मिरज जंक्शनात मोठी, मध्यम आणि छोटी अशा तिन्ही रुळांच्या गाड्या लागायच्या. छोटी गाडी म्हणजे बार्शी लाइट, पंढरपूरमार्गे लातूरकडे जाणारी. मी लहानपणी आजीबरोबर तिच्यातून पंढरपूरला गेलोय. खिडकीतून हात काढला तर बाभळीच्या फांद्या लागायच्या आणि चढावर गाडी इतकी हळू व्हायची, की पोरं उतरून चार पावलं चालून परत चढायची.

आता ती सगळी मोठी लाइन झाली. त्याच लाइनीवरून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाण्याची गाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आमच्या कृष्णेचं पाणी. मी स्टेशनावर बघायला गेलो होतो. पाण्याची गाडी बघायला गर्दी जमावी, हे मला आजही आठवलं तरी गलबलून येतं.

याच दिशेकडून आमचे भोपळेही येतात.

तंबोऱ्याचा भोपळा खायचा नव्हे, कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या खोऱ्यात तो मुद्दाम पिकवतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलात, की पहिल्यांदा मान वर जाते, कारण आढ्यापासून हे वाळलेले भोपळे टांगलेले असतात. पोटात वर्षानुवर्षं हवा भरून राहिल्यासारखे हलके. घरं शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना पाणी देणारे, तलवारी घासूनपुसून लखलखीत करणारे कारागीर. राज्यं गेली, तलवारींना काम उरलं नाही. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी पटवर्धनांच्या आश्रयाने तंतुवाद्यं बनवायला घेतली, आणि हत्यारं घडवणारा हात सतारीला लागला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उशीर झाला, पण मिळालं याचा आनंद मोठा आहे.

मला त्या गल्लीत सगळ्यांत जास्त काय आवडतं म्हणाल, तर जवारी काढताना बघणं. तंबोरा पुरा झालेला असतो. दांडी, तबली, खुंट्या, मणी, वरची वेलबुट्टी, सगळं. तार छेडली तर वाजतेही. पण ती नुसती वाजते. मग कारागीर घोडी काढून मांडीवर घेतो. बोटाएवढी हाडाची पट्टी ती, तिच्या पाठीवरून तारा जातात. कानशीने एकदाच घासतो, फुंकर मारतो, परत बसवतो, तार छेडतो, कान देतो. पुन्हा काढतो. बघणाऱ्याला वाटतं हा काहीच करत नाही. घोडीचा उतार केसाएवढा बदलतो, आणि तार तिच्यावर नुसती टेकत नाही, घासत थरथरू लागते. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवतो, जरा पुढे, जरा मागे. आणि एका जागी तो आवाज एकदम उघडतो. एका तारेतून चार-पाच सूर निघतात, गल्ली भरून जाते. कारागीर तेव्हाही मान वर करत नाही, पुढची तार घेतो.

काही वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या एका खेड्यातले आजोबा बायकोला घेऊन आले होते. ऑपरेशन, मग अकरा दिवस ॲडमिट. रोज दुपारी भेटीची वेळ संपली, की माझ्याकडून औषध घ्यायचे, ते वॉर्डात पोचतं करायचे आणि गल्लीत जाऊन बसायचे. गावच्या भजनात गायचे. फेरतपासणीला आले तेव्हा एसटीतून मंडळाचा जुना तंबोरा घेऊन आले, भोपळ्याला चीर गेलेला. दुरुस्ती झाली आणि पुढच्या तारखेपर्यंत तंबोरा माझ्या दुकानात राहिला, सलाइनच्या खोक्यांशेजारी उभा. रात्री मी शटर ओढलं, की त्या खडखडाटाने आतल्या तारा वाजायच्या. शटर खाली टेकल्यावरही बाहेर फुटपाथवर ऐकू यायच्या. मी कुलूप लावून थोडा वेळ तिथेच थांबायचो. तीन आठवड्यांनी त्यांनी तंबोरा नेला, तेव्हा दुकान मोकळं मोकळं वाटलं.

खेळाचंही कुणी कुणी विचारतं. शेजारच्या सांगलीला त्याचा मान आहे आणि तो खरा आहे. विजय हजारे सांगलीचे. १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिली कसोटी जिंकली ती त्यांच्या कप्तानीत. बुद्धिबळात भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत जे काम केलं त्याला तोड नाही. भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच. आणि आता स्मृती मानधना. तिचा खेळ असला की दुकानात मोबाइल लावलेला असतो, चिठ्ठी घेऊन आलेला माणूसही एक ओव्हर थांबतो. आम्हा मिरजेच्या पोरांचा खेळ मात्र फुटबॉल. माझ्या लहानपणी स्टेशनापलीकडच्या मोकळ्या जागेत रेल्वे कॉलनीतली मुलं खेळायची. कुणाचे वडील गार्ड, कुणाचे फायरमन, कुणी तमिळ बोलणारा, कुणी कानडी, कुणी कोकणी. चेंडू मागायला एकच भाषा लागायची. आमचा पेठेतला संघ त्यांच्याकडून दर रविवारी हरायचा. शिकलो तो त्यांच्याकडूनच. तालमीत जाणारी मुलं वेगळी, ती पहाटे उठायची. मला पहाट जमली नाही, संध्याकाळ जमली.

वाईटही सांगायला हवं, नाहीतर हे उत्तर पुरं होणार नाही. आमच्या गणेशोत्सवात रस्त्यांवर मोठमोठ्या स्वागत कमानी उभारतात. विसर्जनाची मिरवणूक गणेश तलावाकडे दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. २००९ मध्ये एका कमानीवरून दंगल पेटली. संचारबंदी लागली. मी शटर अर्धं वर करून औषधं देत होतो. मागितलेलं इन्शुलिन हातात होतं आणि न्यायला येणारा माणूस चौक ओलांडू शकत नव्हता. ज्या गावात दर्ग्याच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, ज्या गावात शिकलगाराच्या हातचा तंबोरा नवरात्रात अंबाबाईच्या देवळात लागतो, त्या गावात हे झालं. मला ते विसरायचं नाही. आणि त्यानंतरही चिंचेखाली गाणं झालं, देवळातही झालं, हेही विसरायचं नाही.

आणि आमचे रस्ते. रत्नागिरी-नागपूर महामार्ग गावाबाहेरून झकास गेलाय, पण आतल्या पेठांतून ॲम्ब्युलन्स न्यायची तर अजून खड्डे मोजत जावं लागतं. दरवर्षी पावसाआधी डांबर पडतं, पावसात निघून जातं. ज्या गावाला माणसं आपला आजारी माणूस घेऊन येतात, त्या गावाचा रस्ता तरी त्याला हिसका न देणारा असावा. हे मी सांगायच्या सगळ्या ठिकाणी सांगितलंय आणि सांगत राहणार आहे.

तुमच्या रक्ताचा रिपोर्ट यायला दोन तास लागतील. सहावं औषधही तोवर येईल. लक्ष्मी मार्केटच्या घड्याळापाशी जा, तिथे सतारमेकर गल्ली कुणालाही विचारा. कुठल्याही दुकानात बसा, काही घ्यायला हवं असं नाही, ते हाकलत नाहीत. कुणी मांडीवर घोडी घेऊन बसला असेल तर त्याच्याशी बोलू नका, त्याचा कान कामात असतो. आणि पिशवी इथेच ठेवून जा, मी बघतो.